"ताई, थोडं सैल करून द्याल का?" नाशिकच्या टेनिस कोचना आणि पालकांना खुलं पत्र

नाशिकमधल्या सगळ्या टेनिस कोचना, आणि अंडर-१० पासून अंडर-१६ पर्यंत खेळणाऱ्या पोरांच्या आईबाबांना,

नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आमचं छोटं स्पोर्ट्सचं दुकान आहे, तिथे रॅकेटचं गटिंग करणारी, म्हणजे रॅकेटच्या जाळीचा धागा (त्यालाच आम्ही गट म्हणतो) ताणून लावणारी ताई म्हणजे मी. आधी बाबा करायचे, आता सोळा-सतरा वर्षं झाली मीच करते. शनिवारी मॅच असली की शुक्रवारी रात्री दहापर्यंत तुमच्या पोरांच्या रॅकेट माझ्या मशीनवर असतात, आणि कुणाचं गट किती पाउंडवर ताणलेलं, कोण कुठे घासून तोडतं, कोणाची ग्रिप घामाने लवकर जाते हे मला तुमच्याइतकंच माहीत असतं.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी एक पोर दुकानात आलं. मुलगा की मुलगी, कुठल्या अकॅडमीचं, काहीच लिहीत नाही, मुद्दामच. वय बारा. सायकल बाहेर लावून एकटंच आलं. रॅकेट काउंटरवर ठेवली ती डाव्या हाताने, उजवा हात खिशात. मी बघितलं तर गट तुटलेलं नव्हतं, म्हटलं बाळा हे तर चांगलंय, कशाला बदलायचं. तर म्हणालं, "ताई, थोडं सैल करून द्याल का? बॉल लागला की इथे कळ येते." आणि खिशातून हात काढून मनगटाची करंगळीकडची बाजू दाखवली. मी अंगठ्याने जरासं दाबलं तर पोराने हात मागे ओढला, तोंडातून आवाज मात्र काढला नाही.

रॅकेटच्या थ्रोटवर मीच लावलेला स्टिकर होता. ५६ पाउंड, फुल पॉलिस्टर. म्हणजे सगळ्यात कडक जातीचं गट, तेही घट्ट ताणलेलं.

मग म्हणालं, "पण बाबांना सांगू नका. संभाजीनगरची एन्ट्री भरलीये, गाडीपण ठरवलीये."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि हे पत्र तेव्हापासून डोक्यात आहे. आधी माझी चूक कबूल करते. बारा वर्षांच्या हाताला ५६ वर पॉलिस्टर मी लावून दिलं, कारण चिठ्ठीत तसं लिहून आलं होतं आणि मी विचारलं नाही. गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं ही दुकानाची सवय. पण खरी गोष्ट गटाची नाहीच. दुखतंय हे त्या पोराने आईला नाही सांगितलं, बाबांना नाही, कोचना नाही, तर गटिंगवालीला सांगितलं, कारण माझ्याकडून त्याचं काही जाणार नव्हतं. मी टूर्नामेंट कॅन्सल करू शकत नाही, मी चिडणार नाही, माझे पैसे बुडणार नाहीत.

हे मला कळलं कारण मी पण हेच केलं होतं.

नवीन पालकांना माहीत नसेल, मी पण खेळायचे. सानिया मिर्झाच्या वयाची मी, ८६ चा जन्म. २००३ मध्ये तिने विम्बल्डनला मुलींच्या डबल्सचं टायटल जिंकलं तेव्हा आम्ही सगळ्याच पोरी वेड्या झालो होतो, आपल्यातली एक तिकडे जाऊन जिंकली म्हणजे आपण पण जाऊ शकतो असं वाटायला लागलं. तेव्हा नाशकातून टेनिस खेळायचं म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. बाबा दुकान बंद करून रात्रीच्या एशियाडने मला पुण्याला न्यायचे, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत पहाटे शिवाजीनगरला उतरायचं, स्टँडवरच तोंड धुवायचं आणि सकाळी कोर्टवर. सतराव्या वर्षी मी दहा हजार डॉलरवाल्या प्रोफेशनल टूर्नामेंट खेळायला लागले. अगदी खालची पायरी, पण प्रोफेशनल. तेव्हा नियम असा होता की तीन टूर्नामेंटमध्ये पॉइंट आल्याशिवाय डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत नाव यायचं नाही. माझे दोन झाले.

तिसरा झालाच नाही.

२००४ च्या जूनमध्ये कंबर दुखायला लागली. माझी किक सर्व्ह, म्हणजे टप्पा पडून उंच उसळणारी सर्व्ह, चांगली होती, सगळे म्हणायचे मुलींमध्ये अशी किक कुणाची नाही, म्हणून मी दिवसाला दीडशे-दोनशे सर्व्ह मारायचे आणि कोणी मोजायचं नाही. किक मारताना पाठ मागे कमान होते आणि त्याच वेळी वळते, सगळा भार कंबरेच्या शेवटच्या मणक्यावर. सुरुवातीला फक्त सर्व्हला दुखायचं. मग बसमधून उतरताना वरच्या कप्प्यातली किट काढायला हात वर केले की कळ. बाबा म्हणायचे काढ की पटकन, गाडी सुटेल, आणि मी म्हणायचे तुम्हीच काढा ना मला झोप येतेय. त्यांना वाटायचं पोरगी आळशी झालीये. आठ महिने मी हे नाटक केलं.

का सांगितलं नाही? कारण मला हिशोब माहीत होता. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये बाबांची वही असायची, त्यात एका पानावर माझ्या नावाने तिकीट, एन्ट्री, बॉलचे डबे, शूज, सगळं लिहिलेलं. ते पान बाबांनी कधीच मला दाखवलं नाही, उलट लपवायचे. पण दुकानात बसणाऱ्या पोरीला ड्रॉवर उघडता येतो. आईने दोन दिवाळ्या साडी घेतली नव्हती हे मला दिसत होतं. घरात कुणी एक शब्द बोलत नाही आणि तरी पोराला सगळं कळतं, पोरं अशीच असतात. मग दुखतंय म्हणणं म्हणजे त्या पानावर काट मारणं वाटतं.

शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, स्नायू आखडलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन मी अजून दोन महिने खेळले. ही गोष्ट प्रत्येक आईबाबांनी लक्षात ठेवा प्लीज, मणक्याची अशी बारीक चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. २००५ च्या फेब्रुवारीत सानियाने हैदराबादची डब्ल्यूटीए जिंकली, अख्खा देश नाचत होता आणि मी घरी सतरंजीवर उताणी पडून टीव्ही बघत होते, मला आनंदपण खरा झाला होता आणि रडूपण खरं आलं होतं. मार्चमध्ये एमआरआय झाला. दोन्ही बाजूला फ्रॅक्चर आणि मणका थोडा पुढे सरकलेला. वय अठरा. ज्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचला ते म्हणाले की पहिल्या महिन्यात आली असतीस तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवून बरीच शक्यता होती भरून यायची.

बाबांना तेव्हा फक्त एकच गोष्ट लागली. म्हणाले, "बॅग काढायला सांगत होतो मी तुला." गेली तीन वर्षं ते नाहीत, पण हे वाक्य मी अजून ऐकते.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगते, जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये पाठीचं जे स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं ते याच जातीचं दुखणं, पुढे २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्याला पाठीची सर्जरी करून घ्यावी लागली. पण क्रिकेटमध्ये निदान लहान फास्ट बोलरच्या ओव्हर मोजायची पद्धत आली. टेनिसमध्ये बारा वर्षांच्या पोराच्या सर्व्ह कोण मोजतं? आपल्या नाशकात मी तरी कोणाला मोजताना पाहिलं नाही, आणि मी रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टवर रॅकेट पोचवायला जाते.

तुम्ही म्हणाल ही एका खालच्या लेव्हलच्या प्लेयरची गोष्ट, तेव्हा सोयी नव्हत्या. मग वरच्यांचं बघा. डेल पोत्रो, अर्जेंटिनाचा. २००९ मध्ये विसाव्या वर्षी सेमीला नदाल आणि फायनलला फेडररला हरवून यूएस ओपन जिंकला. पुढच्याच वर्षी उजव्या मनगटाची सर्जरी. मग २०१४-१५ मध्ये डाव्या मनगटाच्या तीन. तो उजव्या हाताचा प्लेयर, मग डावं मनगट कसं गेलं? दोन हातांच्या बॅकहँडने, त्यात डावा हातपण रॅकेटवर असतो. जी बॅकहँड आज आपली झाडून सगळी पोरं मारतात. परत आला तेव्हा बॅकहँड जोरात मारता येत नव्हती तर स्लाइस काढत काढत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जोकोविचला आणि नदालला हरवून सिल्व्हर घेतलं, म्हणजे जिद्द काय असते ते त्याच्याकडून बघावं. मग २०१८ ला गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर, २०१९ ला पुन्हा तीच. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्युनोस आयर्सला शेवटची मॅच हरला, डोक्याची पट्टी काढून नेटवर ठेवली आणि गेला. नंतर एकदा त्याने स्वतः सांगितलं की जिना चढतानाही त्रास होतो. अजून चाळिशी पण गाठली नव्हती त्याने. त्याच्याकडे जगातले चांगल्यातले चांगले डॉक्टर होते हो, तरी.

डॉमिनिक थीम २०२० चा यूएस ओपन चॅम्पियन. २०२१ च्या जूनमध्ये मायोर्काला एक फोरहँड मारताना मनगट गेलं, त्यानंतर तो पूर्वीचा थीम परत दिसलाच नाही, २०२४ मध्ये ३१ व्या वर्षी व्हिएन्नाला घरच्या लोकांसमोर थांबला. ट्रेसी ऑस्टिनने १९७९ ला सोळाव्या वर्षी यूएस ओपन जिंकली, विशी ओलांडेपर्यंत पाठीने तिला जवळजवळ बाहेर काढलं होतं. आँड्रिया येगर सोळाव्या वर्षी जगात दोन नंबर, १९८४ मध्ये खांदा गेला. ही सगळी पोरं बघून बघूनच शेवटी १९९५ मध्ये महिला टेनिसने वयाचा नियम कडक केला, १४ पूर्ण झाल्याशिवाय प्रोफेशनल खेळायचं नाही आणि १८ होईपर्यंत वर्षाला किती टूर्नामेंट त्याला मर्यादा. म्हणजे जे जगातल्या सगळ्यात मोठ्या लेव्हलला बारा-तेराव्या वर्षी करू देत नाहीत ते आपण अंडर-१४ मध्ये करतो, एक वीकेंड पुणे, एक वीकेंड सोलापूर, मध्ये शाळा, आणि काही पोरं तर अंडर-१२, अंडर-१४ आणि डबल्स एकाच स्पर्धेत खेळतात, दिवसाला तीन मॅच.

आपल्याकडचे बघा. सोमदेव देववर्मन २०११ मध्ये ६२ नंबरवर होता, २०१२ मध्ये खांद्याने आख्खा सीझन खाल्ला, पुन्हा तिथे पोचला नाही. युकी भांब्री २००९ चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर चॅम्पियन, २०१८ ला सिंगल्समध्ये ८३ वर आला आणि त्याच वर्षी गुडघा, दोन वर्षं घरी. आता डबल्स खेळतो. आणि सानिया. २००७ ला जगात २७. २००८ ला मनगट. बीजिंग ऑलिंपिकची पहिलीच मॅच अर्धवट सोडावी लागली, त्या काळात स्वतःचे केस विंचरता येत नव्हते असं तिने सांगितलंय. पुढे डबल्समध्ये २०१५ ला जगात एक नंबर झाली, सगळ्यांना ते आठवतं आणि आठवायलाच पाहिजे. मला मात्र कायम वाटतं की ते मनगट नीट असतं तर सिंगल्समध्ये ही बाई कुठे गेली असती.

आता माझ्या कामाचं बोलते, कारण यातलं मला खात्रीने कळतं.

बॉल गटावर असतो तो किती वेळ? सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम चार-पाच. तेवढ्यात जो झटका बसतो तो गट खातं नाहीतर हात खातो, तिसरं कोणी नाही. पॉलिस्टर कडक असतं, तुटत नाही म्हणून आपल्याला आवडतं, महिना-महिना चालतं, पैसे वाचतात, मला कळतं ते. पण पॉलिस्टर तुटायच्या खूप आधी मरतं, म्हणजे त्यातला ताण आणि लवचिकपणा जातो. मेलेलं गट मी बोटाने वाजवून ओळखते, टण्ण न वाजता थप्प वाजतं. पोर तेच घेऊन खेळत राहतं कारण दिसायला ते चांगलंच दिसतं. आणि टीव्हीवर नदाल पॉलिस्टर वापरायचा, हो, पण नदालचा दंड बघा आणि सहावीतल्या पोराचा बघा. पोराला साधं सिंथेटिक गट नाहीतर मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं मऊ गट) लावा, ४५ ते ५० पाउंडच्या मध्ये ठेवा, लवकर तुटेल, तुटू द्या. आठ-नऊ वर्षांच्या पोराला पिवळा, म्हणजे मोठ्यांचा नेहमीचा बॉल देऊ नका, दहा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी लाल, नारिंगी, हिरवे असे हळू येणारे बॉल आंतरराष्ट्रीय फेडरेशनने २०१२ पासून नियमातच टाकलेत. हिरवा बॉल पिवळ्यापेक्षा साधारण २५ टक्के हळू येतो, तेवढंच मनगट वाचतं. "आमचा तर आत्तापासून यलो खेळतो" हे मी दुकानात फार ऐकते आणि मला दरवेळी पोटात गोळा येतो.

कोच मंडळी, तुमच्यावर माझा राग नाही. फी देणाऱ्या पालकाला "आठ दिवस आणू नका" सांगणं सोपं नसतं, दुसऱ्या दिवशी ते पोर दुसऱ्या अकॅडमीत दिसतं हे मला माहीतंय. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना एकदम लिहितेय. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कुणाचं पोर कुठे पळणार? एक वही ठेवा ना. त्यात पोराच्या नावापुढे आज किती सर्व्ह मारल्या आणि कुठे दुखतंय का, दोनच गोष्टी. आणि दुखतंय का हे सगळ्यांसमोर लाईनीत उभं करून विचारू नका, तिथे कोणी हो म्हणत नाही. बाजूला घेऊन विचारा, आणि हो म्हटलं तर त्या दिवशी त्याला बॉल उचलायला लावून शिक्षा झाल्यासारखं करू नका, बेंचवर बसवून स्कोर लिहायला द्या, मॅच वाचायला शिकवा. ज्याची कंबर दुखते त्याला एका पायावर उभं करून हळू मागे वाकायला सांगा, फिजिओ पण आधी हेच करून बघतात. त्यातून सगळं कळत नाही पण कळ आली तर पुढे दाखवायला तर हवंच ना.

वीकेंडच्या स्पर्धांना फिजिओ नसतो. पाण्याचे जार असतात, ट्रॉफ्या असतात, बॅनर असतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळला. फिजिओथेरपी शिकणारी पोरंपोरी या शहरात आहेत, त्यांच्या सरांशी बोलून दोन दिवस कोर्टाशेजारी एक टेबल टाकता येणार नाही का? जेवणाचा आणि येण्याजाण्याचा खर्च मी आणि माझ्यासारखे दोन-तीन दुकानदार मिळून करू, हे मी लिहून देतेय.

आणि आईबाबा. तुम्ही किती करता ते मी बघते. पहाटे सहाला गंगापूर रोडवर थंडीत गाडीत बसून राहणारे बाबा, कोर्टवरून थेट ऑफिसला जाणाऱ्या आया. तुमच्यावर आरोप करायचा असता तर आधी माझ्या बाबांवर करावा लागला असता आणि त्यांच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पोरासमोर पैशाचं बोला. हो, बोला. लपवू नका. त्याला सांगा की हे पैसे तुझ्या शिकण्याला गेले, एका मॅचला नाही, एन्ट्री बुडाली तर बुडाली. हे तोंडाने म्हटल्याशिवाय पोराला कळत नाही, ते आपलं मनातच बेरीज करत बसतं. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी गोळी देऊन खेळवू नका एवढंपण त्यात धरा.

त्या पोराला विचारूनच मी हे लिहिलंय. मंगळवारी मी त्याला सांगितलं की सैल करून देते पण गप्प बसणार नाही, घरी सांगावंच लागेल, मी बरोबर येऊ का? ते बराच वेळ काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिलं. मग म्हणालं, "शनिवारपर्यंत थांबाल? मीच सांगतो-सांगते बघा." तोपर्यंत खेळणार नाही, शाळेत जास्तीचा अभ्यास आहे म्हणून सांगेन असं कबूल करून गेलं. अजून एक खोटं त्याच्या गळ्यात पडलं, ते मला आवडलं नाही, पण मी थांबले.

आता कदाचित बारा वर्षांच्या पोराचे सगळेच बाबा विचार करतील की हे आपलंच का. करा. आज रात्री जेवताना नको, तिथे सगळे असतात. झोपताना त्याच्या शेजारी बसा, मनगट हातात घ्या, करंगळीच्या बाजूला हलकंच दाबा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

रॅकेट तयार आहे. पॉलिस्टर कापून टाकलं, सिंथेटिक लावलं, ४६ वर, आणि नवीन ओव्हरग्रिप पण गुंडाळलीये. मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगून ठेवलीये, पण मनगट दाखवून झाल्याशिवाय देणार नाही. शनिवारी दुकान सकाळी दहाला उघडतं. त्याच्याबरोबर तुम्ही पण या, चहा मी करते.

तुमची,
गटिंगवाली ताई
कॉलेज रोड, नाशिक